लेकराचं पोट

आपल्या अनियतकालिकांत भूक हा शब्द पानोपानी येतो. भूक म्हंजे आग, भूक म्हंजे तलवार, भूक म्हंजे बाप. मीही तसं लिहिलंय, पुढंही लिहीन. पण भूक लागलेल्या सगळ्यात लहान माणसाविषयी, म्हंजे वर्षाच्या आतल्या लेकराविषयी, त्याच्या पोटात काय जातं, काय टिकतं, काय बाहेर पडतं याविषयी आपण कुणी चार ओळी लिहिलेल्या मला आठवत नाहीत. शी हा शब्द लिहायला आपल्याला लाज वाटते. ज्यांच्या बापजाद्यांनी गावाची मेलेली ढोरं ओढली, त्यांच्या कवींना शीची लाज वाटावी, हा विनोद नाही तर काय?

तर दोस्तहो, हा लेख शीचा आहे. दुधाचा, गुळणीचा, वायूचा, जुलाबाचा आहे. ज्याला नाक मुरडायचं त्यानं पुढलं पान उलटावं.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. शाळा दहावीपर्यंत. बाकीचं शिक्षण पाळी सुटल्यावर, मिळेल ते वाचून. बायको मागाच्या शेडमध्ये कांड्या भरते. २०२४ च्या जानेवारीत आम्हाला मुलगी झाली. त्यानंतरचं वर्षभर पुस्तकांपेक्षा जास्त मी तिची दुपटी वाचली. दुपटं वाचता आलं पाहिजे. त्यावर लेकराची सगळी बातमी छापून येते.

पहिला तंटा चिकावरून झाला. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस आईला घट्ट, पिवळसर दूध येतं, ते चिकाचं दूध. आज्जी म्हणाली, "जड असतंय ते लेकराला. पिळून टाक ग बाय." आज्जीला तिच्या सासूनं तेच सांगितलं होतं, तिच्या सासूला तिच्या सासूनं. वॉर्डातल्या नर्सबाईंनी मात्र तासाभराच्या आत पोर छातीला लावली. चिकात रोगाशी लढणारी द्रव्यं भरलेली असतात. आणि तो थोडाच येतो, कारण पहिल्या दिवशी लेकराच्या पोटात एका वेळी मावतंच चमचाभर. निसर्गाचा हिशोब आमच्या दिवाणजीसारखा नाही. बरोबर असतो.

दुसऱ्या दिवशी मी दुपटं धुवायला घेतलं तर डांबर. काळं, चिकट. आईच्या पोटात असताना आतड्यात साठलेलं ते. चार-पाच दिवसांत रंग पालटला आणि पिवळी, पातळ, मोहरीच्या दाण्यासारखे कण असलेली शी सुरू झाली. दिवसात आठ-दहा वेळा. शेजारच्या मावशींनी वसाहतभर केलं, "पोरीला जुलाब लागलं!" जुलाब नव्हते. नुसत्या आईच्या दुधावरच्या लेकराची शी पातळच असते. दोन महिन्यांनी तीच पोर चार-चार दिवस शी करेना. आता सगळ्यांचं एकमत, कोठा बांधला. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून ढुंगणात घालायचा असा ठराव पास झाला. मी देठ टाकून दिला आणि पान खाऊन टाकलं. पोर दूध पीत होती, पोट मऊ होतं, वायू सरत होता, आणि चौथ्या दिवशी आली ती शी लोण्यासारखी. हा काही बद्धकोष्ठ नव्हे. शी किती वेळा झाली यापेक्षा कशी झाली ते बघायचं. खडे पडले, रक्त आलं, पोट ताठलं तर तो आजार.

तसंच गुळणीचं. दूध पिऊन झालं की तोंडाच्या कडेनं दह्यासारखं बाहेर येतं. अन्ननळी आणि जठर यांच्यामधलं दार पहिले काही महिने नीट मिटत नाही, एवढंच त्याचं कारण. खांद्यावर उभं धरावं, पाठीवरून हात फिरवावा, ढेकर आला तर आला. वजन वाढतंय, लघवी दिवसातनं सहा-सात वेळा होतेय, मग गुळणीचं भ्या धरू नये. पण ओकारी हिरवी झाली, तिच्यात रक्त आलं, किंवा दर वेळी पिचकारीसारखी लांब उडाली, तर मात्र कुणाचा सल्ला ऐकत बसायचं नाही. तडक दवाखाना.

तिसऱ्या आठवड्यात पोर दिवस मावळला की रडायला लागली. मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. दोन-दोन, तीन-तीन तास. चांगली धडधाकट लेकरंही असं रडतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास हे रडणं सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. हे माहीत नसलं की घरात औषधांची रांग लागते. एकीनं ग्राइप वॉटरची बाटली आणली. जुन्या काळी त्यात दारूचा अंश असे, लेकरू गप का व्हायचं ते कळलं ना? दुसरीनं बाळगुटी आणली. वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड सहाणेवर उगाळून चाटवायचं. मी विचारलं, मावशी, सहाण कुठली, पाणी कुठलं, बोट कुणाचं? पहिले सहा महिने पोटात आईच्या दुधाशिवाय काही जाऊ द्यायचं नाही, भर उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. दुधात पाणी असतंच. डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध तेवढं वेगळं.

आपण हसतो, पण मेळघाटात लेकराचं पोट फुगलं तर त्याच्या पोटावर तापल्या विळ्यानं चटके देतात. डंबा म्हणतात त्याला. २०२५ सालीसुद्धा त्याच्या बातम्या आल्या. त्या आईबापांना लेकराचं रडणं सोसवत नाही म्हणूनच ते भगताकडं जातात. प्रेम कमी नाही, दवाखाना लांब आहे आणि माहिती त्याहून लांब आहे.

आणि रातपाळी करून आलेल्या बापांनो, एक ऐका. पोर थांबेना म्हणून तिला दोन्ही हातांनी गदागदा हलवायचं नाही. लेकराच्या डोक्यात रक्तस्राव होतो, जीव जातो. डोकं फिरलं तर पोर खाली गोधडीवर ठेवा, दारात जाऊन पाच मिनिटं उभे राहा, मग परत या. पाळण्यातलं रडणारं पोर पाच मिनिटांनी मरत नाही.

रडणारं पोर गप्प करायची औषधं आपल्या लोकांना नवी नाहीत. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. १९८२ चा संप मोडला आणि तो वळकटी घेऊन गावी आला. आज्जी तिच्या सासूच्या वेळची गोष्ट सांगते. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी चाटवून कामाला जायच्या. मला वाटलं, म्हातारीच्या कथा. मग वाचलं, तर १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगार बायकांची जी सरकारी चौकशी झाली तिच्यात हे नोंदलेलं आहे. अफूनं पोर झोपतं. भूक लागली तरी रडत नाही. आतडं मंदावतं, कोठा खरोखर बांधतो, दूध कमी पिऊन लेकरू वाळत जातं. त्या आया काय कैदाशिणी होत्या? दहा तासांची पाळी होती. खोलीत पोराजवळ बसायला कुणी नव्हतं. गोळी आईच्या हातानं गेली, पण ती दिली गिरणीनं.

१९२६ साली बाबासाहेबांचा राजरत्न गेला. त्याच्या आधी गंगाधर, रमेश आणि इंदू गेले होते. पाच लेकरांतला एक यशवंत तेवढा जगला. बॅरिस्टराच्या घरची ही गत, तर परळच्या चाळीतल्या बिगाऱ्याच्या घरी काय असेल? दोन वर्षांनी, १९२८ च्या जुलैत, मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या बिलावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, त्याचा भार सरकारनं आणि मालकानं उचलावा, हा त्यांचा रोख. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. आपण चौदा एप्रिलला घसा फोडून भाषणं करतो. त्यात हे भाषण कितीदा येतं?

त्या कायद्याची लांब पोच अशी की २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली. २६ आठवडे म्हंजे सहा महिने. आणि नुसतं आईचं दूध पाजायचे महिनेही सहाच. हिशोब कुणीतरी नीट मांडलाय. पण माझ्या बायकोला किती आठवडे मिळाले? दिवाणजीच्या वहीत तिचं नावच नाही. नुसता कांड्यांचा आकडा आहे. जितक्या कांड्या तितके पैसे. सव्वा महिना झाला आणि ती शेडमध्ये जायला लागली. पहिल्या आठवड्यात आज्जी पोरीला घेऊन शेडच्या दारात जायची, ती दोन मिनिटं बाहेर येऊन पाजायची. तिसऱ्या दिवशी निरोप आला, कारखान्यात पोर आणायचं नाही. दारात म्हंजे कारखान्यात का, हे विचारायची सोय नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली की छातीला दगडासारख्या गाठी, पोलकं भिजलेलं. म्हणाली, "तुमच्या त्या कवींच्या कवितेत आई म्हंजे दुधाची नदी असती न्हवं? मी सांगतो, नदीला शिफ्ट न्हाई. हितं पाणी तुंबलं की ताप येतोय."

आता वसाहतीत सगळ्यांचा एकच सल्ला, बाटली लावा, डबा आणा. डब्याचं दूध इतकं महाग की आमच्या गल्लीत डबा आणला तरी तो जास्त दिवस पुरावा म्हणून दोन मापांच्या जागी एक माप घालतात. म्हशीच्या दुधात निम्मं पाणी घालतात. पोट भरतं, लेकरू वाढत नाही. आणि ती बाटली, ते बूच! ज्या घरात धुवायला पाणी मोजून, तिथं बाटली म्हंजे जंतूंची चाळ. जगभर गरिबांची लेकरं अशीच मेली. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेनं डब्याच्या दुधाच्या विक्रीवर नियम घातले. ११८ देश बाजूनं, एकच देश विरोधात, अमेरिका. आपल्याकडं १९९२ साली कायदा झाला, २००३ साली कडक झाला. डब्याची, बाटलीची जाहिरात करायला बंदी आली. डबा हा गुन्हा नाही. आई वारली, आई फार आजारी आहे, तर डॉक्टरला विचारून, मापात माप, उकळून गार केलेल्या पाण्यात, वाटी-चमच्यानं द्यावा. पण आईला रजा नाही म्हणून डबा, हा दुधाचा प्रश्न नव्हे, मजुरीचा आहे.

आशाताईंनी वाट काढली. पहिल्या बेचाळीस दिवसांत त्यांच्या घरभेटी ठरलेल्या असतात. त्यांनी बायकोला हातानं दूध काढायला शिकवलं. स्वच्छ धुतलेली, उकळलेली वाटी, झाकण, घरातली गार जागा. चार तास टिकतं. आणि पाजायला आज्जीच्या पितळी डब्यातलं बोंडलं निघालं. बाटलीपेक्षा बोंडलं बरं, घासायला सोपं, बूच नाही. कामाच्या आधी एकदा, आल्या आल्या एकदा, रात्रभर मागेल तेव्हा, असं अंगावरचं चालू राहिलं. रात्रीचं पाजणं सोडायचं नाही. कारण दुधाचं काम मागणीवर चालतं. पोर जेवढं ओढील तेवढं अंगात तयार होतं. बाटली शिरली की ओढणं कमी, ओढणं कमी की दूध कमी, मग सगळे म्हणतात, "हिला दूधच पुरंना." दूध आटलं नाही, आटवलं. पुरतंय का ते ओळखायच्या खुणा दोन: लघवी आणि वजन. पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. आमच्या पोरीचा काटा अंगणवाडीत दर महिन्याला वर सरकत होता, आणि वसाहत तोवर म्हणतच होती की पोर उपाशी आहे.

जुलैत सहा महिने भरले. आता उष्टावण. हा शब्द मला टोचतो. गावानं टाकलेलं उष्टं खाऊन आपल्या पिढ्या जगल्या. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, कारण कांडी बदलताना धोट्याच्या भोकातनं धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीचा बाकीच्यांना विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. त्यांच्या तोंडाला धागा नाकारला, आणि लेकराच्या तोंडच्या पहिल्या अन्नाला आपण उष्टं म्हणायचं? आमच्या घरी आम्ही 'पहिला घास' म्हटलं. वंदना घेतली आणि आज्जीच्या हातनं घास भरवला.

घास कसला? पेज नव्हे. पातळ पेजेनं पोट भरतं, अंग भरत नाही. लेकराचं पोट त्याच्या मुठीएवढं, त्यात पाणी का भरायचं? चमचा तिरका केला तर घसरून पडू नये एवढं दाट. नाचणीचं सत्त्व, मऊ भात आणि मूगडाळ कुस्करून, वर चमचाभर तेल. उकडलेला बटाटा, तांबडा भोपळा, केळं. दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, आठवड्या-आठवड्यानं वाढ, आणि अंगावरचं दूध चालूच. अंगणवाडीतनं सहा महिन्यांपुढच्या लेकराला घरी न्यायचा शिधा मिळतो, तो हक्कानं आणायचा आणि लेकरालाच घालायचा.

सहा महिन्यांनी आईच्या दुधातलं लोह पुरत नाही. जन्माला येताना आणलेला साठाही संपत येतो. म्हणून अंडं पाहिजे, मासा पाहिजे, आठवड्यातनं एकदा मऊ शिजवून वाटलेली चमचा-दोन चमचे कलेजी पाहिजे. मी एका खाजगी दवाखान्याच्या भिंतीवर बाळाच्या आहाराचा तक्ता बघितला. वरण, भात, साजूक तूप, साय, राजगिरा. अंडं नाही, मासा नाही, मटण तर नाहीच. जणू महाराष्ट्रातली सगळी लेकरं एकाच गल्लीत जन्माला येतात. आमची नवी शिकलेली मंडळीही वशट लपवून खातात आणि पोराला घालायला लाजतात. लाजू नका. महाडला १९२७ साली आपण मेलेल्या ढोराचं मांस सोडायचा ठराव केला. अंडं सोडायचा केला नव्हता.

काय घालायचं नाही तेही सांगतो. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटभरही नाही. त्यातल्या एका जंतूच्या विषानं लेकराचं अंग लुळं पडू शकतं. मीठ-साखर नाही. गाईम्हशीचं दूध मुख्य अन्न म्हणून नाही, त्यानं लोह घटतं. चहात बुडवलेलं बिस्कीट नाही, ही तर आपल्या घराघरांतली सवय. चहा लोह अंगी लागू देत नाही. अख्खा शेंगदाणा नाही, घशात अडकतो. घट्ट अन्न सुरू झाल्यावर शी घट्ट होणारच. खडा व्हायला लागला तर पपई, पालेभाजी घातलेली डाळ, उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट. देठाचं काम नाही.

त्याच जुलैच्या शेवटी नदीला पूर आला. नळाला चौथ्या दिवशी पाणी, आणि आलं ते चहासारखं. आमच्या जिल्ह्यातल्याच इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यानं काविळीची साथ आली होती, माणसं दगावली होती. हे आम्ही विसरलो नव्हतो. पाणी उकळत होतो. पण लेकरू रांगायला लागलं की जग तोंडात घालतं. ऑगस्टमध्ये एका रात्री पोरीला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दहा वेळा, बारा वेळा. सकाळपर्यंत डोळे आत गेले. ओठ कोरडे. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नाही.

आज्जी म्हणाली, "दात येत्यात. टाळू खाली आलीया, तेल भरा." टाळू खरंच खाली आली होती. पण ती तेलानं वर येत नाही. टाळू खचणं म्हंजे अंगातलं पाणी संपल्याची खूण. दातांनी जुलाब होत नाहीत. दात शिवशिवतात म्हणून लेकरू हाताला लागेल ते चावतं, त्यानं होतात. मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू मागं गेली. ही दुसरी खूण.

सरकारी ओपीडी उघडायला दोन तास होते, म्हणून जवळच्या डॉक्टरकडं नेली. त्यानं पत्ता विचारला. वसाहतीचं नाव ऐकून म्हणाला, "तुमच्या लोकांत स्वच्छताच नसते." बायको म्हणाली, "डॉक्टर, स्वच्छता पाण्यानं करत्यात. पाणी चार दिसांनी येतंय." तो काही बोलला नाही. अँटिबायोटिक लिहिलं, सलाईन लावू म्हणाला, दोन हजार सांगितले. मी विचारलं, पोर गिळतेय, शुद्धीत आहे, ओकत नाही, मग ओआरएस का नको? म्हणाला, "तुम्हीच डॉक्टर झालाय की."

नाही झालो. पण वाचलंय. १९७१ साली बांगलादेशातनं जीव घेऊन आलेल्या लोकांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतनं द्यायचं सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवलं, पिंपांत भरलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातानं पाजायला लावलं. शंभरातली तीसएक माणसं मरत होती, ती चारच्या खाली आली. आतड्याच्या भिंतीतनं मीठ आणि साखर जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागं पाणी जातं, एवढंच त्यातलं गुपित. २०२२ साली ते वारले. त्यांचं नाव आपल्या एकाही वसाहतीच्या भिंतीवर मी बघितलं नाही.

आम्ही पोर घरी आणली. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक अख्खी पुडी. निम्मी नाही, निम्म्या पाण्यात नाही. चमच्या-चमच्यानं, दर जुलाबामागं अर्धी वाटी. ओकली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जास्त हळू. अंगावरचं दूध बंद नाही. जुलाबात दूध बंद करणं म्हंजे जळत्या घराचं पाणी तोडणं. बायकोनं त्या दिवसाच्या कांड्या सोडल्या, मी पाळी बुडवली. आठ वाजता सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या बाईंनी तपासलं, हेच चालू ठेवा म्हणाल्या, बेशुद्धी आली, पिणं थांबलं, शीत रक्त दिसलं तर लगेच भरती करा म्हणाल्या. झिंकच्या गोळ्या दिल्या. रोज एक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पुरा कोर्स. अँटिबायोटिक नको म्हणाल्या. लहान लेकरांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक विषाणूचे असतात, त्याला ते लागू पडत नाही. रोटा विषाणूचे थेंब पोरीला वेळेवर मिळाले होते, देशात ते २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं सरकारी लसीकरणात आले. नाहीतर दुखणं याहून जड गेलं असतं.

दुपारी तीनला तिनं दुपटं ओलं केलं. लघवी! आज्जीनं त्या दुपट्याला हात लावून बघितला आणि पदर डोळ्याला लावला. संध्याकाळी पोर रडली तर गालावर पाणी ओघळलं. पोर रडते म्हणून घरातली सगळी माणसं हसत होती.

पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर जीवावर बेततं, म्हणून चमचा सपाट. आणि दुकानात ओआरएस असं नाव छापून गोड सरबतं विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याविरुद्ध लढल्या, तेव्हा कुठं २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या सरबतांवर तो शब्द छापायला मनाई केली. पुडी घेताना वाचून घ्या.

आता आपल्यातला एक प्रश्न. हे सगळं बायकांचं काम आहे, असं आपल्या बैठकीत म्हणतात. कलम सतरा पाठ असलेल्या आपल्या किती पोरांना एक लिटर पाण्यात पुडी किती, हे येतं? चवदार तळ्यावर आपण १९२७ साली गेलो तो पाण्यावरचा हक्क होता. ते पाणी आपल्या लेकराच्या पोटात स्वच्छ पोचेपर्यंत तळ्याचा लढा संपलेला नाही. लेकराचं पोट नशिबानं बिघडत नाही, दृष्टीनं बिघडत नाही, आईच्या दुधानं तर नाहीच. ते चार ठिकाणी बिघडतं: नळावर, मजुरीत, रजेत आणि माहितीत. पहिल्या तीन ठिकाणी मोर्चा लागतो. चौथ्या ठिकाणी मोर्चा लागत नाही, आपण लागतो.

म्हणून मागणी आणि काम दोन्ही सांगतो. मागणी: वसाहतीच्या नळाचं पाणी दर पावसाळ्यात तपासून अहवाल भिंतीवर लावा, कांडीवालीचं नाव वहीत लिहा, तिला रजा द्या, शेडजवळ पाळणाघर करा. आणि काम: प्रत्येक विहारात, वाचनालयात एक डबा ठेवा. त्यात ओआरएसच्या पुड्या, एक चमचा, आशाताईंचा फोन नंबर आणि हे पान. पुड्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. डब्याची जबाबदारी पोरांनी घ्यायची, पोरींवर ढकलायची नाही.

पुढल्या शिबिरात मला कवितेवर बोलायला सांगितलंय. बोलेन. पण आधी अर्धा तास हे शिकवणार आहे. येताना प्रत्येकानं एक लिटरचं भांडं आणावं.